उठायची वेळ पक्की करा
‘कोरोनाच्या धास्तीनं रात्री 2 पर्यंत डोळा लागत नाही, मग सकाळी 9 पर्यंत लोळतो,’ असं नागपूरच्या एकानं लिहिलंय. घोळ त्या 9 मध्येच आहे. उठायची वेळ सरकली की झोपेचं घड्याळही सरकतं. रात्र कशीही गेली तरी 6 ला उठा. 20 एक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. मोबाइलमध्ये रुग्णांचे आकडे मात्र बघू नका. कॅफिन निम्मं उतरायलाच 5-6 तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दुपारी 2 ला. आणि हो, नागपूरचा कूलर! खिडकी बंद ठेवली तर खोली दमट होते, घामानं जाग येते. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. धाकधूक आठवडेच्या आठवडे टिकली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा: 14416, मोफत.