मदत हवी आहे: अकरा वर्षांच्या लेकीचा बीएमआय – शाळेचं कार्ड खरं की मोबाइल?

नमस्कार मंडळी,

लेक नुकतीच अकरा पूर्ण झाली. शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर उंची १४५ सेमी, वजन ४४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २०.९ आणि पुढे लाल शाईत 'ओव्हरवेट'. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये हेच आकडे घातले तर 'नॉर्मल'.

कार्डं वर्गात सगळ्यांसमोर वाटली. तेव्हापासून डब्यातली पोळी अर्धी परत येते, तूप ताटात नको असतं. काल आरशासमोर पोट आत ओढून उभी होती. पोटात कालवलं माझ्या.

घरी मी तिला अनवाणी, भिंतीला टाच टेकवून उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलीने खूण केली. दोनदा मोजली, १४८ भरली. म्हणजे बीएमआय २०.१. तीन सेंटीमीटरने एवढा फरक! पाळी अजून आलेली नाही. कोणावर विश्वास ठेवू? आणि जेवणाचं तिला काय सांगू?

प्रतिसाद:
ताई, तो कॅल्क्युलेटर मोठ्या माणसांचा. मुलांचा आकडा वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यावर मांडतात. बीएमआय २० पंधराव्या वर्षी ठीकच, सहाव्या वर्षी मात्र बराच जास्त. आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते आहेत, ५ ते १८ वर्षांसाठी. त्यातली जादा वजनाची रेषा मोठेपणीच्या बीएमआय २३ला जुळवलेली आहे, लठ्ठपणाची २७ला, कारण आपल्या लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो. म्हणून उंची चुकली असली तरी कार्ड अगदीच खोटं धरू नका.

पण एका आकड्यावरून काही ठरत नाही. या वयात अंग भरतंच. जुन्या फायलीतली उंची-वजनं डॉक्टरांकडे न्या, रेषा कशी चढलीये ते महत्त्वाचं. मानेमागे घासूनही न जाणारा काळा, जाडसर पट्टा दिसतोय का बघा. तो मधुमेहाच्या धोक्याचा इशारा असू शकतो, असेल तर उशीर नको. पोळी तोडू नका, उंची वाढतेय तिची. बंद करायचंच तर सरबतं, कोल्ड्रिंक घरात सगळ्यांचीच करा, आणि रोज तासभर खेळू दे.

धागाकर्ती:
मान बघितली, स्वच्छ आहे. लसीकरणाची फाइल काढलीये, शनिवारची वेळ घेतली. वजन तिच्यादेखत मोठ्याने सांगू नका, असं डॉक्टरांना आधी फोन करून सांगितलं तर चालतं ना?