व्हॉल्व्ह लीक आणि ट्रायलचा शोध

रेवती (बी ३०२): मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयातली एक झडप) लीक, रिपोर्टवर 'सिव्हिअर एमआर', म्हणजे त्या झडपेची गळती जास्त. ओपन सर्जरी जोखमीची म्हणतायत. एखादी ट्रायल (नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी) चालू आहे का, ते कुठे बघायचं? गूगलवर नुसत्या जाहिराती येतात.

डॉ. मृणाल (ए ५०४): साइटचं नंतर. आधी इकोचा पूर्ण रिपोर्ट काढा, फक्त शेवटची 'इम्प्रेशन'ची ओळ पुरत नाही. गळती प्रायमरी आहे की सेकंडरी, म्हणजे फंक्शनल, ते बघा. प्रायमरीत झडपच बिघडलेली असते. पाकळी लोंबते किंवा तिला धरणारी दोरी तुटते. सेकंडरीत पाकळ्या धड असतात, पण डावा कप्पा फुगल्यामुळे त्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. बहुतेक ट्रायल यातल्या एकाच प्रकाराला घेतात.

डॉ. मृणाल: मग आकडे: ईआरओए (गळतीच्या भोकाचं क्षेत्रफळ), रिगर्जिटंट व्हॉल्यूम (दर ठोक्याला मागे गळणारं रक्त), ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो), एलव्हीईएसडी (आकुंचनाच्या शेवटी डाव्या कप्प्याची रुंदी), फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर. प्रायमरीत ईआरओए ०.४० चौ. सेंमी किंवा व्हॉल्यूम ६० मिली झालं की गळती सिव्हिअर धरतात.

पाटील काका (ए १०१): सिव्हिअर म्हटलंय ना, मग आकडे कशाला?

डॉ. मृणाल: काका, २०१८ च्या दोन ट्रायल बघा, कोॲप्ट आणि मित्रा-एफआर. दोन्हीत पाकळ्या चिमटीत धरणारी, कॅथेटरने (शिरेतून नेलेल्या नळीने) बसवायची क्लिप तीच, गळतीही दोन्हीकडे फंक्शनल. कोॲप्टमध्ये ६१४ रुग्ण होते आणि दोन वर्षांतले मृत्यू नुसत्या औषधांवर ४६.१ टक्के, तर क्लिपसह २९.१ टक्के होते. मित्रा-एफआरमध्ये ३०४ रुग्ण, वर्षभरात काहीच फरक नाही. कोॲप्टवाल्यांची गळती मोठी होती (ईआरओए सरासरी ०.४१, तिकडे ०.३१), कप्पा कमी फुगलेला होता आणि औषधं आधीच झेपेल त्या डोसपर्यंत नेलेली होती. बहुतेकांना हेच कारण पटतं. कोॲप्टची अटच होती, ईएफ २० ते ५० आणि एलव्हीईएसडी ७० मिमीपर्यंत. ७४ असेल तर बाहेर, रिपोर्टवर 'सिव्हिअर' कितीही ठळक असो.

समीर (सी २०४): आता शोध. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकी सरकारची ट्रायल नोंदवही उघडा. कंडिशनच्या रकान्यात इंग्रजीतून 'मायट्रल रिगर्जिटेशन' टाका, 'लीकी व्हॉल्व्ह' नको. स्टेटसमध्ये 'रिक्रूटिंग' आणि 'नॉट येट रिक्रूटिंग' दोन्हींवर टिक करा. 'ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग' वाचून लोक फसतात. त्याचा अर्थ ट्रायल चालू, पण भरती बंद. मग देश निवडा. इतर देशांच्या नोंदवह्या एकत्र बघायच्या तर डब्ल्यूएचओचं आयसीटीआरपी पोर्टल आहे.

समीर: दोन ठिकाणी घसरायला होतं. वर 'रिक्रूटिंग' असलं तरी खाली प्रत्येक सेंटरचं स्टेटस वेगळं असू शकतं, तेच बघा. आणि 'लास्ट अपडेट'ची तारीख. जुनी असेल तर फोन केल्याशिवाय विश्वास नको.

रेवती: पात्रतेची यादी दोन पानी आहे 😣

समीर: 'एक्सक्लूजन' आधी वाचा, पाच मिनिटांत निकाल लागतो. नुकताच स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक, झडपेला चालू इन्फेक्शन, किडनी फार कमजोर, दुसऱ्या ट्रायलमध्ये नाव, यावर बरेच जण गळतात.

डॉ. मृणाल: कॅथेटरने अख्खी नवी झडप बसवण्याच्या ट्रायलमध्ये तर कागदावर बसणारेही सीटी स्कॅननंतर बाद होतात. नवी झडप बसली की जुनी पाकळी ढकलली जाऊन रक्त बाहेर जायची वाट अरुंद होण्याचा धोका असतो, किंवा झडपेच्या कड्याचं माप जुळत नाही. म्हणून एकाच ट्रायलवर भिस्त नको, दोन-तीन शोधून ठेवा.

पाटील काका: मला एक फॉरवर्ड आलाय. स्टेम सेलने व्हॉल्व्ह दुरुस्त, नोंदणीकृत ट्रायल, पैसे आधी भरायचे.

समीर: काका, तो पुढे पाठवू नका. साइटवर नोंद आहे म्हणजे सरकारने तपासलंय असं नाही, हे त्या साइटवरच लिहिलंय. पैसे आधी मागितले की एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र आणि प्रायोजकाचं नाव मागा. बहुतेकदा तिथेच उत्तरं थांबतात.

रेवती: सेंटरला मेलमध्ये काय लिहू?

समीर: विषयात एनसीटी नंबर (साइटवरचा ट्रायलचा नोंदणी क्रमांक), त्यात ८ अंक असतात. आत वय, गळतीचा प्रकार, इकोची तारीख आणि ते पाच आकडे, क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी), औषधं डोससकट, आधीची ऑपरेशनं, पेसमेकर आहे का. एवढंच. आणि विचारा: रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखा गट ठरवणं) आहे का, कंट्रोल गटात (नवा उपचार न मिळणाऱ्या गटात) गेलो तर पुढे क्लिप मिळेल का, इजा झाल्यास खर्च कोणाचा, फॉलोअप किती. डिव्हाइसच्या ट्रायलमध्ये फॉलोअप पाच वर्षांचाही असतो. ट्रायल कधीही सोडता येते, पण बसवलेली क्लिप आतच राहते.

रेवती: रिपोर्टवर ईआरओए ०.३८, ईएफ ३५, एलव्हीईएसडी ५८, 'टेदर्ड लीफलेट्स'.

डॉ. मृणाल: टेदर्ड म्हणजे पाकळ्या खाली ओढल्या गेल्यात, चित्र फंक्शनलचं आहे. पक्कं तुमच्या कार्डिओलॉजिस्टकडून करून घ्या. शोधात 'फंक्शनल' किंवा 'सेकंडरी' जोडा. औषधांचे डोस शेवटचे कधी बदलले ते लिहून ठेवा, डोस काही आठवडे स्थिर असल्याशिवाय बऱ्याच ट्रायल घेत नाहीत. आणि इकोची सीडी मागा, डायकॉम फाइल्सवाली, म्हणजे इकोच्या मूळ चित्रांची. त्यांच्याकडे आकडे पुन्हा मोजतात, रिपोर्टच्या फोटोवर मोजता येत नाहीत.

रेवती: उद्या सकाळीच मागते.