मदत हवी आहे : जुन्या वस्तऱ्याला घरी धार लावणे

नमस्कार मंडळी. आजोबांचा जुना झोलिंगेनचा (जर्मनीतलं पात्यांसाठी प्रसिद्ध गाव) वस्तरा मला वापरात आणायचाय. १००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडावर पाण्यात घासून धार बसवली, मग ४००० आणि ८०००. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच घासतोय, म्हणजे कोन आपोआप राहतो. हातावरचे केस सहज उडतात, पण गालावर ओढतो! त्यातही टोकाकडचा बोटभर भाग जास्तच. तो भाग दगडाला नीट लागत नसेल का? काळ्या मार्करने धार रंगवून, घासल्यावर शाई कुठे राहते ते बघू म्हणतोय.

पुढे १२००० चा दगड घ्यावा, की चामड्याच्या पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइड (पॉलिशची हिरवी पूड) लावून भागेल? मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात असे बारीक दगड कुणी घेतलेत का? तिथे मला चाकूसुऱ्यांचेच भरड दाखवले.

दुसरं, गंज. साधं कार्बन पोलाद, त्यात आपली जुलैची हवा. पुसून ठेवला तरी बिजागरीपाशी तांबूस ठिपके येतातच. शिलाई मशीनचं तेल चालेल ना? खोबरेल चिकट होतं.

(रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे द्या, असं कृपया सुचवू नका. पातं तापलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.)