पायी बेळगाव: तुम्ही पाहुण्यांना कुठून कुठवर फिरवलंत?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात ठाण्याहून मामेभाऊ आणि वहिनी येऊलेत, दोन दिवस. भावानं फोनवर मला यादी वाचून दाखवली, गोकाकचा धबधबा, राजहंसगड, हलशी, आंबोली. म्हटलं अरे यात बेळगाव कुठाय? सगळं गावाबाहेरचं, गाडी करा आणि पळत सुटा. मी ठरवलंय की एक अख्खा दिवस गाडी घरात ठेवायची आणि त्यांना गाव चालत दाखवायचं, किल्ल्यापासून सुरू करून बाजार, कपिलेश्वराचं देऊळ आणि जमलं तर शहापूर. माझं घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, त्यामुळं काँग्रेस विहीर घरचीच समजा. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं झालं, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, आणि आम्ही शाळेला जाताना त्या विहिरीकडं ढुंकून पण बघत नव्हतो.

तर तुमचे अनुभव लिहा. कुणाला घेऊन फिरलात, कुठं थांबलात, पाहुणे कुठं वैतागले, काय विकत घेतलं. फजिती असली तर आधी ती लिहा.

खानापूरची
मी आरपीडीला, म्हणजे राणी पार्वती देवी कॉलेजला होते, खानापूरहून रोज अप-डाऊन. हेच ते कॉलेज जिथं पुलं शिकवायचे, हे आम्हाला पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं आणि नंतर तीन वर्षं दर गॅदरिंगला सांगितलं. शनिवारी कॉलेज लवकर सुटलं की आम्ही चौघी चालत बाजारात, कारण बसचे पैसे वाचवून त्यात भेळ यायची. शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, खेड्यापाड्यातली माणसं आलेली, गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, मारुती गल्लीतून शिरायचं आणि कुठून बाहेर पडू ते गर्दी ठरवणार. तुमच्या पाहुण्यांना गर्दी चालत असेल तर शनिवारीच न्या, नसेल तर मंगळवार बुधवार बघा.

आणि एक सांगते, त्यांना मोबाईलच्या नकाशावर सोडू नका. आपल्याकडं पत्ता असा सांगत नाहीत. हंस टॉकीजजवळ ये, कपिलेश्वर गेटच्या अलीकडं थांब, असंच सांगतात. आता गेटवर ब्रिज होऊन किती वर्षं झाली, तरी आमच्या आई गेटच म्हणतात. माझी पुण्याची नणंद एकदा ब्रिजखाली उभी राहून अर्धा तास गेट शोधत होती!

शहापूरकर
धागाकर्ते, शहापूर "जमलं तर" काय म्हणता? शहापूर हे वेगळं गावच होतं हो. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं, मधे हद्द. म्हणून दोन्हीकडं आपापला बाजार आणि दोन्हीकडं खडेबाजार. यावरूनच माझी फजिती.

साडूचं लग्न ठरलेलं, बस्त्याला सगळे यायचे. मी सगळ्यांना निरोप दिला, अकरा वाजता खडेबाजारात या. मी शहापूरचा, त्यामुळं माझ्या डोक्यात आमचाच खडेबाजार, दुसरा असतो हे लक्षातच नाही. नवरीकडचे हुक्केरीचे, ते सीबीटीला, म्हणजे शहराच्या बसस्टँडला उतरून बेळगावच्या खडेबाजारात जाऊन उभे. आम्ही इकडं, ते तिकडं. ते म्हणतात आम्ही खडेबाजारातच आहोत, मी म्हणतो मी पण खडेबाजारातच आहे गा, दिसत का नाही तुम्ही. वीस मिनिटं हे. शेवटी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं फोन घेतला आणि विचारलं, "तुमच्या हितनं किल्ला कुठल्या अंगाला?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उन्हात चालत आले बिचारे कपिलेश्वरावरून. साड्या मात्र शहापूरलाच घेतल्या, हे मुद्दाम सांगतो.

वडगाव-खासबागेकडं गेलात तर गल्लीत शिरा, अजून घरातून मागाचा खटखट आवाज येतो. कुणाच्या दारात उभं राहून बघितलं तर बहुतेक कुणी हाकलत नाही, पण सणाच्या आधी कामाची घाई असते तेव्हा नको.

निवृत्त मास्तर
मी नोकरीत असताना दरवर्षी सातवीच्या पोरांना किल्ल्यात न्यायचो, तेव्हा माझा सल्ला ऐका, सुरुवात किल्ल्यापासूनच करा पण सकाळी आठच्या आत. भुईकोट आहे, चढण नाही, वहिनींच्या गुडघ्याची काळजी नको. खंदक ओलांडला की प्रवेशाजवळच दुर्गादेवी आणि गणपतीची ठाणी. आत सफा मशीद, रामकृष्ण आश्रम, आणि कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर.

कमल बस्तीसाठी पाऊण तास ठेवा. १२०४ सालची आहे, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधली. तेव्हा रट्टांची राजधानी सौंदत्तीहून इथं आलेली आणि या गावाला वेणुग्राम म्हणत. आत नेमिनाथ आहेत. पण माणसं हात जोडतात, परकरासारख्या चुण्या घातलेले ते काळे गुळगुळीत खांब बघतात आणि निघतात. मंडपात मधोमध उभं राहून वर बघायचं! छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतं, पाकळ्यांचे थर एकाखाली एक उतरत येतात, ७२ पाकळ्या, मागचे चोवीस, आत्ताचे चोवीस आणि पुढं होणारे चोवीस असे तीर्थंकर धरून. मी पोरांना मोजायला लावायचो. मान दुखते म्हणून एक पोरगं सरळ फरशीवर उताणं झोपलं आणि मोजायला लागलं, मी ओरडणार तेवढ्यात तिथले पुजारी म्हणाले राहू दे मास्तर, असंच बघायचं असतं. त्यानंतर दरवर्षी मी चाळीस पोरं ओळीनं झोपवायचो. कुणाचे ७२ झाले नाहीत कधी, कुणाचे साठ, कुणाचे ऐंशी.

कॅम्पातला
मास्तरांच्या पोस्टला जोडून: किल्ल्यात बराच भाग लष्कराकडं आहे, दिसेल तिथं मोबाईल काढून फोटो मारत सुटू नका. माझ्या मित्राला जवानानं चांगलं दहा मिनिटं उभं केलं होतं.

जुना सभासद
रिसालदार गल्लीतलं भाटे यांचं घर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात आले ते आधी याच घरी उतरले, मग वनखात्यातल्या हरिपद मित्रांकडं राहायला गेले. शिकागो अजून पुढं होतं, त्यामुळं गावाला हा कोण संन्यासी ते ठाऊक नव्हतं. जेवण झाल्यावर त्यांनी पान-सुपारी मागितली, तंबाखू पण असली तर द्या म्हणाले, आणि घरातली मंडळी चाट पडली, संन्यासी आणि तंबाखू! मला हा किस्सा फार आवडतो. आमच्या आजोबांच्या पानाच्या डब्याला आज्जी नावं ठेवायची तेव्हा आजोबा हाच दाखला द्यायचे.

तिथून गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ चं. पाहुण्यांना आत पेपर वाचत बसलेली माणसं नुसती दाखवा. मी पण असेन त्यात, कोपऱ्यात पंख्याखाली.

गॅरेजवाला
आपण गाडीवाले, चालणं आपल्याला जमत नाही, पण किर्लोस्कर रोडबद्दल बोलणार. लोकांना वाटतं कंपनीनं पैसे दिले म्हणून रोडला नाव. तसं नाही. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी इथं सायकलचं दुकान टाकलं, लक्ष्मणराव मुंबईला शिकवत होते आणि रामूअण्णा इथं दुकान बघायचे. मग लक्ष्मणराव नोकरी सोडून इथं आले, कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. पुढं जागेवरून गाव सोडायला लागलं तेव्हा औंधच्या राजानं माळ दिला आणि १९१० ला किर्लोस्करवाडी झाली. म्हणजे पंक्चर काढण्यापासून सुरू झालेला धंदा हो हा! मी माझ्या पोराला हेच सांगतो, तो म्हणतो पप्पा मला आयटीत जायचंय.

त्याच अंगाला हुतात्मा चौक. जानेवारी १९५६ ला सीमाप्रश्नात गेलेल्यांचा. दर १७ जानेवारीला सकाळी आम्ही दुकान उशिरा उघडतो. पाहुणे बाहेरचे असतील तर तिथं दोन मिनिटं थांबा, त्यांना बहुतेक काही माहीत नसतं.

धारवाडची सून
माझं माहेर धारवाड, मराठी लग्नानंतर शिकले, चुका असतील तर समजून घ्या. मला मराठी शिकवलं ते बाजारानं. सुरुवातीला मी "पिशवी दिला काय" असं बोलायची आणि भाजीवाल्या मावशी मला न हसता तीच वाक्यं बरोबर करून परत म्हणायच्या, "होय, पिशवी दिली".

एकदा सासूबाईंबरोबर गणपत गल्लीत सुती साडी घ्यायला गेलो. दुकानदार त्यांच्याशी मराठीत, माझ्याशी कन्नडमध्ये, मागं उभ्या असलेल्या बाईशी हिंदीत, एकाच दमात. भाव ४५०. सासूबाई मराठीतून घासाघीस करतायत, मी पलीकडून कन्नडमध्ये, "स्वल्प कडिमे माडरी", थोडं कमी करा. तो आधी हसला, मग म्हणाला दोन बाजूनं मारू नका अम्मा. ३६० ला दिली. त्या दिवशी बाहेर पडल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा मला स्वतःहून कुंदा, ही इथली खव्याची मिठाई, खायला घातला.

कुंद्याबद्दल मात्र मी धारवाडचीच. पेढा तो पेढा.

निपाणीवाला
वहिनी, पेढ्याचं नाव काढलात, आता धागा भरकटणार.

मी दुकानाच्या मालासाठी रविवार पेठेत येतो, सोळा-सतरा वर्षं. तिथं पर्यटन म्हणून चालत जाणार असाल तर हातगाडीवाल्यांना वाट द्या, ते ओरडतात ते शिवी नसते, "बाजू बाजू" असतं. कुंदा घेताना एक लक्षात ठेवा, फार चकचकीत आणि सारखा दिसणारा घेऊ नका, खवा आणि साखर आटवून आटवून तांबूस-तपकिरी रंग आलेला, बोटात रवाळ लागणारा बघा. एका दुकानात मला वर ताजा आणि खाली शिळा भरून दिलेला, घरी जाऊन डबा उपडा केल्यावर कळलं. तेव्हापासून मी समोर भरून घेतो आणि आधी चव बघतो, कुणी नाही म्हणत नाही.

मांडेवाल्यांची शेजारीण
कुंदा कुंदा काय करूलासा सगळे, मांडे विसरला? मनातले मांडे सगळ्या महाराष्ट्रात खातात, खरे खायला इथं यावं लागतं.

आमच्या शेजारच्या काकू लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या. मी लहानपणी त्यांच्या पडवीत बसून तासन् तास बघितलंय. कणीक इतकी सैल आणि तिंबलेली की गोळा ताटात ठेवला तर पसरायचा. आत पिठीसाखर, तूप, खसखस असं सारण. लाटणं थोडंच, मग तो उंडा दोन्ही हातांच्या पाठीवर घ्यायच्या आणि झुलवत झुलवत मोठा करायच्या, मनगट झाकलं, मग कोपरापर्यंत आला, पलीकडची चूल दिसायला लागली की झाला. तो उलट्या कढईवर अलगद टाकायचा. भाजायला काही क्षण. आणि घडी लगेच घालायची, गरम आहे तोवर, बोटं भाजली तरी, कारण वारं लागलं की कडक होतो आणि मग घडी नाही, तुकडे पडतात. काकूंच्या बोटांच्या टोकांना गरम कळायचंच नाही, माझ्या हातातला कपातला चहा बोट घालून बघायच्या आणि "निवलाय गे" म्हणायच्या, आणि माझी जीभ पोळायची.

पाहुण्यांना मांडे द्यायचे तर शेवटी घ्या, सकाळी घेऊन दिवसभर बाजारात फिरू नका. आणि पिशवीत नाही, खोक्यात.

धागाकर्ता (परत आलोय)
मंडळी, फिरवून आणलं. वृत्तांत थोडक्यात.

शनिवारच मिळाला. मास्तर, साडेसातला किल्ल्यात होतो, वहिनींनी ओढणी अंथरून खरंच झोपून बघितलं, ६८ भरल्या. भावानं झोपायला नकार दिला, त्याला मोजता आल्या नाहीत. भाट्यांच्या घरी गेलो, तंबाखूचा किस्सा मी सांगितला, भाऊ म्हणाला हे तू बनवतोयस. वाचनालयात कोपऱ्यात पंख्याखाली दोघं जण होते, त्यातले जुने सभासद कुठले ते कळलं नाही, दोघांनाही नमस्कार केला.

किर्लोस्कर रोडवर भाऊ रंगला, तो इंजिनिअर, सायकलचं दुकान नेमकं कुठं होतं म्हणून चार दुकानांत विचारलं, चार उत्तरं. बाजारात मी आणि वहिनी पुढं गेलो आणि भाऊ हरवला. फोन केला तर म्हणतो मी खडेबाजारात आहे. शहापूरकर, तुमची आठवण काढली! पण नशीब, बेळगावातलाच होता. शहापूरला पोचेपर्यंत चार वाजले, पाऊस आला, एकाच छत्रीत तिघं, माग बघायचे राहिले. सेंट मेरी चर्चसाठी कॅम्पात दुसऱ्या दिवशी गेलो, झाडांखालून चालायला ती वाट सगळ्यात छान, पण वहिनींच्या चपलेनं तिथं दम सोडला.

मांडे खोक्यातच घेतले, सांगितल्याप्रमाणं, अगदी निघताना. गाडीत भावानं त्यावर बॅग ठेवली. परवा वहिनींचा फोन, म्हणाल्या सगळा चुरा झाला हो, टाकवेना म्हणून वाटीत घेऊन वर गरम दूध ओतलं आणि दोघांनी खाल्लं. असं चालतं काय?

म्हटलं वहिनी, असेच खातात.