स्रोत फाइलचे गुणधर्म एन्कोडर चुकीचे ओळखत असल्यास काय बदलावे?

प्रश्न (जुनीटेप)
नमस्कार. मिनी डीव्ही टेपवरचे पाल या टीव्ही पद्धतीचे चित्रीकरण एच.२६४ या व्हिडिओ-संकोचन स्वरूपात रूपांतरित करायचे आहे. संपादनानंतर ते लॉसलेस (दर्जा न घटवणाऱ्या) एव्हीआय फाइल्स म्हणून साठवले असून त्याच फाइल्स आता एन्कोडरला, म्हणजे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, देत आहे. स्रोताच्या गुणधर्मांत ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पिक्सेल आस्पेक्ट रेशो (एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीचे प्रमाण) १:१ आणि फील्ड ऑर्डर ‘टॉप फर्स्ट’ असे आपोआप भरले जाते. (इंटरलेस्ड चित्रीकरणात प्रत्येक फ्रेम दोन वेगळ्या क्षणी टिपलेल्या एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची असते; त्यांतले आधीचे कोणते, ते फील्ड ऑर्डर सांगते.) चित्रीकरण १६:९ चे आहे, तरी माणसे उंच आणि बारीक दिसतात. आउटपुटचा आकार १०२४ × ५७६ केला, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. शिवाय डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक फील्डची स्वतंत्र पूर्ण फ्रेम बनवून, ५० फ्रेमचे आउटपुट काढले, की चालणारा माणूस पुढे जाऊन किंचित मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. हे गुणधर्म हाताने बदलल्यास मूळ फाइलला धक्का लागेल का? मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फील्ड ऑर्डरची ओळच दिसत नसताना खरे मूल्य कसे ठरवावे?

उत्तर (फ्रेमवाचक)
मूळ फाइलला काहीही होत नाही. स्रोताच्या गुणधर्मांच्या चौकटीत तुम्ही फक्त ‘ही फाइल अशी वाच’ एवढेच एन्कोडरला सांगत असता. डीव्ही प्रवाहात आस्पेक्टची माहिती असते, परंतु लॉसलेस एव्हीआय करताना ती बहुतेक वेळा गळून पडते आणि मग एन्कोडर अंदाज बांधतो. तुमच्या बाबतीत दोन्ही अंदाज चुकलेले दिसतात.

डीव्हीची फील्ड ऑर्डर ‘बॉटम फर्स्ट’ असते, तर १०८० ओळींच्या इंटरलेस्ड चित्रीकरणात साधारणपणे ‘टॉप फर्स्ट’. तरीही नियमावर विसंबू नका. कॅमेरा आडवा फिरत आहे असा तुकडा निवडा, फील्ड वेगळी करून एकेक पुढे सरकवत पाहा. हालचाल एकाच दिशेने होत राहिली, तर क्रम बरोबर आहे. स्थिर दृश्यात ही चूक दिसतच नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनातला आयडेट फिल्टरही टॉप, बॉटम, प्रोग्रेसिव्ह (फील्ड नसलेल्या पूर्ण) आणि अनिश्चित फ्रेम मोजून देतो, पण अंतिम निवाडा डोळ्यांनीच करावा. आणि डीइंटरलेस करण्याआधी चित्राची उंची बदलू नका, कारण त्यात दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात आणि नंतर ती सोडवता येत नाहीत.

उत्तर (रुंदपडदा)
पट्ट्यांचे कारण सरळ आहे: १:१ धरल्यावर ७२० × ५७६ हे चित्र ५:४ ठरते आणि एन्कोडर तेच प्रमाण जपतो. स्रोताच्या चौकटीत पिक्सेल आस्पेक्ट रेशो ६४:४५ द्या, म्हणजे रुंदी बरोबर १०२४ भरेल. काही सॉफ्टवेअर १६:११ देतात, कारण त्यांत मधले ७०४ पिक्सेलच १६:९ धरले जातात. फरक सुमारे २ टक्क्यांचा आहे आणि त्यावर होणारे वाद त्याहून बरेच मोठे असतात.

रंगांची नोंद मात्र पाहून घ्या. हे चित्रीकरण बीटी.६०१ या जुन्या, कमी रिझोल्यूशनच्या व्हिडिओच्या रंग-मानकाचे आहे. आकार वाढवून एचडी केल्यास रंग बीटी.७०९ या एचडीच्या मानकात रूपांतरित करून तशीच खूण करावी, नाहीतर लाल आणि हिरवा रंग किंचित बदललेले दिसतील.

जुनीटेप
मनःपूर्वक आभार. ६४:४५ दिल्यावर पट्ट्या गेल्या आणि ‘बॉटम फर्स्ट’ केल्यावर हालचालही सुरळीत झाली. एका फाइलमध्ये मात्र आता उलटे झाले आहे: ती ‘टॉप फर्स्ट’ ठेवली तरच नीट चालते. टेप आणि कॅमेरा तेच आहेत.

फ्रेमवाचक
त्या फाइलच्या सगळ्यात वरच्या कडेला एक ओळ काळी आहे का, ते मोठे करून पाहा. संपादनात चित्र एका किंवा कोणत्याही विषम संख्येच्या ओळींनी वर-खाली सरकवले, की सम ओळींवरचे फील्ड विषम ओळींवर जाते आणि क्रम उलटतो. तसे असेल तर त्या फाइलपुरते ‘टॉप फर्स्ट’ हेच खरे मूल्य आहे. सर्व फाइल्स एकाच बॅचमध्ये टाकत असाल, तर तिची सेटिंग वेगळी ठेवा.