पेट्रोल फिल्टर त्रास व्हायच्या आधीच बदलावा का? (एक कार्बोरेटर, एक एफआय)

रिझर्व्हवर:
मंडळी, घरात दोन गाड्या आहेत. २०१६ ची पल्सर १५०, कार्बोरेटरवाली, ६२,००० किमी. दुसरी २०२१ ची क्लासिक ३५०, एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी), २४,००० किमी. दोन्हींची काही तक्रार नाही. पल्सरला कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) आणि कार्बोरेटरच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर आहे, तो आता चहाच्या रंगाचा झालाय. दिवाळीनंतर साताऱ्याहून हंपीला जायचंय. मेकॅनिक म्हणतो दोन्हींचे फिल्टर बदलून टाका, क्लासिकचा तर पंपासकट. नीट चालणाऱ्या गाडीची टाकी उघडावी का? आणि ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, काही फरक पडतो का?

दहा_बाराचा_पाना:
पल्सरचा बदलाच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. शंभर रुपयांच्या आतबाहेरची वस्तू आणि वीस मिनिटांचं काम. क्लासिकचं गणित वेगळं आहे.

फक्त रंग बघून घाबरू नका. प्लास्टिक आणि आतला कागद पेट्रोलमुळे पिवळे-तांबूस होतातच. तळाशी भुकटी बसलीय का ते बघा.

बदलण्याआधी पेट्रोल किती येतं ते मोजा. टाकी अर्धी भरलेली, इंजिन गार. कार्बोरेटरकडचा पाइप काढून मापाच्या बाटलीत सोडा, झाकण बंद ठेवून कॉक एक मिनिट चालू करा. शंभरच्या वेगाला गाडीने लिटरला २८ किमी दिले तर तासाला साधारण साडेतीन लिटर लागतात, म्हणजे मिनिटाला ६० मिलि. बाटलीत १५० मिलिच्या वर आलं तर काळजी नाही. कमी आलं तर झाकण उघडून परत मोजा. आता धार वाढली तर फिल्टर निर्दोष आहे, झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. या एका चाचणीअभावी कितीतरी चांगले फिल्टर फेकले जातात.

बसवताना: कॉक बंद, खाली डबा, क्लिप पकडीने मागे सरकवा. पाइप सरळ ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा, नाहीतर कार्बोरेटरच्या नळीवर ताण येतो. जुना पाइप टोकाला चिरला असेल तर नवाच घ्या. मापासाठी जुना तुकडा दुकानात न्या. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे. नवा फिल्टर जुन्यापेक्षा लांब असेल तर टाकी बसवल्यावर पाइप दुमडतो आणि नसलेला अडथळा तयार होतो, तेवढं वाकून बघा. मग कॉक चालू करून दोन मिनिटं थांबा आणि प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवा.

जुना फिल्टर लगेच फेकू नका. टाकीकडच्या तोंडातून पांढऱ्या फडक्यावर उलटा झटका. तांबडी भुकटी चुंबकाला चिकटली तर टाकी गंजतेय. काळे मऊ कण म्हणजे पाइपचं रबर आतून सुटतंय. फडक्यावर मण्यासारखे थेंब राहिले तर पाणी. फ्लोट चेंबरचा (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) खालचा स्क्रू सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या; पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

टाकी_फुल:
क्लासिकबद्दल. एफआय गाडीत पंप टाकीतच असतो. त्याच्या तोंडाला जाळीची पिशवी असते आणि पुढे दाबाच्या बाजूला बारीक फिल्टर. बऱ्याच गाड्यांत हा बारीक फिल्टर सुटा मिळत नाही, म्हणून ‘पंपासकट बदला’ असं सांगतात. तुमच्या मॅन्युअलच्या देखभाल तक्त्यात फिल्टरची ओळ आहे का ते आधी बघा. असेल तर तीच पाळा.

नसेल तर २४,००० ला, तक्रार नसताना, उघडू नका. पंपाच्या प्लेटखालचं रबर सील पेट्रोलने फुगलेलं असतं. एकदा उचललं की पूर्वीसारखं बसत नाही. नवं सील हातात नसताना टाकी उघडली तर पेट्रोल पाझरून गरम इंजिनवर पडायचा धोका आपणच ओढवून घेतो. प्लेटभोवतीची माती आत पडते ती वेगळीच.

त्याऐवजी दाब मोजून घ्या. पाइपला टी जोडून गेज लावायचा. बहुतेक एफआय मोटारसायकलींना सुमारे ३ बार लागतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) दाब बरोबर आणि लोडवर (इंजिनवर जोर आल्यावर) खाली येत असेल तर जाळी किंवा फिल्टर चोक आहे, नाहीतर पंपच थकलाय. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज कमी असलं तरी हेच दिसतं, म्हणून मल्टीमीटर आधी. चावी बंद केल्यावर दाब झरझर उतरणं हा मात्र फिल्टरचा दोष नव्हे. तिथे पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर शोधायचा.

टाकीत पाणी गेलं असेल, कॅनमधलं पेट्रोल वरचेवर भरलं असेल, झाकणातून टॉर्च मारल्यावर गंज दिसत असेल किंवा चावी फिरवल्यावर पंपाची घरघर वाढली असेल, तर मात्र उघडाच.

आणि कृपा करून एफआयच्या पाइपात कार्बोरेटरचा प्लास्टिक फिल्टर कोणाला घालू देऊ नका. तो गुरुत्वाकर्षणाने येणाऱ्या धारेसाठी असतो. ३ बारला फुटला तर गाडी पेटेल.

घाटवाट:
टाकी_फुलशी सहमत, पण एक जोड. जाळी स्वस्त आणि पंप महाग. जाळी चोक झाली की पंपाला पेट्रोल कमी पडतं, तो कोरडा ओढतो, तापतो आणि झिजतो. त्यामुळे ४०-५० हजारांनंतर कुठल्याही कारणाने टाकी उघडली तर जाळी आणि सील बदलूनच बंद करावी. मुद्दाम उघडायची गरज नाही. पंप पेट्रोलनेच गार राहतो, तेव्हा रोज रिझर्व्हवर फिरवण्याची सवय असेल तर ती आधी सोडा.

ई२० बद्दल: इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येतो, हे खरं. पण ई२० २०२३ पासून मिळतंय, त्याआधीही इथेनॉलमिश्रित पेट्रोल होतंच. तुमच्या पल्सरमधलं निघायचं ते बहुतेक निघून गेलं असेल. मला जास्त काळजी पाइपची वाटते, कारण एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांचं रबर ई२० साठी बनवलेलं असेलच असं नाही. फिल्टरबरोबर पाइपही बदला. दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोघं मिळून तळाशी बसतात. साधा कागदी फिल्टर पाणी अडवत नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरायला हवाच कमी राहते.

रिझर्व्हवर:
पल्सरचा फिल्टर आणि पाइप बदलले. जुन्या फिल्टरने मिनिटाला १३० मिलि दिलं, झाकण उघडूनही तेवढंच. नव्याने २१०. जुन्यातून तांबडी भुकटी निघाली, चिमूटभर, चुंबकाला चिकटते. पण नवा फिल्टर अर्धाच भरलेला दिसतोय. काही चुकलं का?

दहा_बाराचा_पाना:
नाही. वरच्या भागात हवेचा बुडबुडा अडकतो, कार्बोरेटरच्या गाडीत हे नेहमीचंच आहे. २१० मिलि येतंय ना, मग विसरा. डोळ्याला खुपत असेल तर कॉक चालू ठेवून फिल्टरचं कार्बोरेटरकडचं तोंड क्षणभर वर करा, बुडबुडा निघून जाईल.

चिमूटभर गंज मात्र सोडू नका. टाकी रिकामी करून कॉक उतरवा. आत उभी नळी आणि जाळी असते, ती मऊ ब्रशने पेट्रोलमध्ये धुवा आणि कॉक नव्या वॉशरवर बसवा. मग ५०० किमी चालवून फिल्टरचा तळ परत बघा. हंपीला निघायच्या आधी तेवढं अंतर सहज होईल. तळाशी पुन्हा तांबडं दिसलं तर आधी टाकी आतून साफ करून घ्या, फिल्टर त्यानंतर.