वीस संगणकांच्या कारखान्याला सशुल्क फायरवॉल कशाला?

भोसरीचा कारखानदार : इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती जोडणी अडवणारी सोय, असतेच. तरीही दरवर्षी परवान्याचे पैसे मोजणे म्हणजे विक्रेत्याची तुंबडी भरणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेटवर्क अभियंता, पुणे : हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बाहेरून आगंतुकपणे येणारी जोडणी तो राउटर अडवतो, हे खरे. पण घरून टॅलीतले हिशेब पाहता यावेत म्हणून ३३८९ पोर्ट, म्हणजे दुरून संगणक चालवण्याचे दार, उघडले, की सर्व्हरचे रिमोट डेस्कटॉप साऱ्या जगापुढे येते आणि पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न अहोरात्र सुरू होतात. खरेदी करताना माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा पाहू नये. फोर्टिगेट ४०एफ या सशुल्क फायरवॉल उपकरणाची क्षमता ५ जीबीपीएस (५,००० एमबीपीएस) छापलेली असते, परंतु धोक्यांची संपूर्ण तपासणी सुरू केल्यावर ती ६०० एमबीपीएसवर येते. आपल्या लाइनचा वेग ताडायचा तो या दुसऱ्या आकड्याशी.

मुक्त प्रणालीचा समर्थक : आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरमधून वेगळे होऊन २०१५ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ओपीएनसेन्स हे मुक्त सॉफ्टवेअर दोन नेटवर्क कार्डांच्या साध्या संगणकावर चालते आणि त्याला वार्षिक परवाना लागत नाही. आमच्या विक्रेत्याने उपकरण सवलतीत गळ्यात मारले आणि नूतनीकरणाच्या वेळी जवळपास उपकरणाच्याच किमतीचे दरपत्रक पुढे केले.

नेटवर्क अभियंता, पुणे : आणि तुम्ही नोकरी सोडून गेलात की त्या संगणकाचे अपडेट कोण करणार? माझा खरा राग मात्र त्या ३३८९ वर आहे. लेखापालाच्या सोयीसाठी ते उघडायला सांगितले जाते आणि नंतर कोणी बंद करत नाही; त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाशी जोडणारा सुरक्षित बंदिस्त मार्ग, वापरायला हवे.

सनदी लेखापाल, नाशिक : प्रत्येक वेळी आमच्याकडे बोट दाखवणे थांबवा! २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते, त्याच दिवशी व्हीपीएन जोडले जात नाही आणि तुमच्यापैकी एकही जण फोन उचलत नाही. आमच्या एका अशिलाने सर्व कर्मचाऱ्यांना एकच पासवर्ड दिला होता. एका सकाळी टॅलीच्या सगळ्या फायली हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्या आणि जबाबदार कोण, तर आमच्याकडचा प्रशिक्षणार्थी आर्टिकल!

मुक्त प्रणालीचा समर्थक : व्हीपीएनचे गुणगान करणाऱ्यांनी हेही सांगावे, की फेब्रुवारी २०२४ मध्ये फोर्टिगेट ज्यावर चालते त्या फोर्टीओएसच्या एसएसएल व्हीपीएनमध्येच पासवर्डशिवाय दुरून कोड चालवता येईल असा दोष उघड झाला होता. ओपीएनसेन्समध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन मोफत मिळते.

नेटवर्क अभियंता, पुणे : तो दोष गंभीर होता, हे नाइलाजाने का होईना मान्य करतो, २० तारखेला फोन उचलला पाहिजे, हेही मान्य. पण दुरुस्ती लगेच बसवणारा माणूस नसेल, तर मोफत आणि सशुल्क दोन्ही सारखेच धोक्याचे आहेत. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या १८० दिवसांच्या नोंदी (लॉग) जपाव्या लागतात. ४०एफमध्ये डिस्कच नसल्याने त्या अन्यत्र पाठवण्याची सोय आधी करावी लागेल.

भोसरीचा कारखानदार : ३३८९ आजच बंद करायला सांगतो, एवढे तुमचे म्हणणे पटले. परवान्याबाबत मात्र विक्रेत्याने पुढच्या तीन वर्षांच्या नूतनीकरणाचा दर आणि दुरुस्ती बसवणाऱ्याचे नाव लेखी दिल्याशिवाय मी एक रुपयाही देणार नाही.